लीग बदलते तेव्हा नेमके काय बदलते?

अमेरिकेतील मुलामुलींचे फुटबॉल, ज्याला तिथे सॉकर म्हणतात, एकछत्री नाही. राष्ट्रीय महासंघाच्या मान्यतेखाली 1964 पासून एवायएसओ, 1974 पासून यूएस यूथ सॉकर आणि 2001 पासून यूएस क्लब सॉकर अशा स्वतंत्र संघटना काम करतात. त्यांच्या आश्रयाने किंवा त्यांच्याबाहेर वेगवेगळ्या लीग, म्हणजे हंगामभर चालणाऱ्या साखळी स्पर्धा, भरतात, आणि एखादा क्लब एका लीगमधून बाहेर पडून दुसरीत जाऊ शकतो. असा बदल जाहीर झाला की पालकांमध्ये कधी उत्साह पसरतो, तर कधी घबराट. न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियाच्या बे एरियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही या निर्णयांना सामोरे जावे लागते, आणि त्यांच्या मनातील समज बहुधा युरोपीय फुटबॉल पाहून तयार झालेले असतात, जे इथे लागू पडत नाहीत.

सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज हा, की वरच्या लीगमधील जागा मैदानावर जिंकून मिळते. युरोपात तळाचे संघ खालच्या श्रेणीत घसरतात आणि तेथील अव्वल संघांना बढती मिळते. अमेरिकेतील अनेक राज्यस्तरीय व प्रादेशिक लीगमध्येही संघ निकालांनुसार वर-खाली होतात. परंतु राष्ट्रीय पातळीवरच्या अनेक लीगमध्ये सभासदत्व संघाला नव्हे, क्लबला मिळते, आणि ते अर्ज व निवड यांतून मिळते. क्लबकडे सर्व वयोगटांचे संघ आहेत का, प्रशिक्षकांकडे कोणते परवाने आहेत, मैदाने कशी आहेत, त्याच परिसरात लीगचा आणखी एखादा सभासद आहे का, अशा बाबी तपासल्या जातात. त्यामुळे बारा वर्षांच्या मुलींचा एखादा संघ वर्षभर अपराजित राहिला, तरी त्याच्या क्लबला प्रवेश मिळेलच असे नाही, आणि प्रवेश मिळालेल्या क्लबचा एखादा वयोगट सर्व सामने हरला, तरी त्याची जागा शाबूत राहू शकते. भारतीय वाचकाला ही पद्धत अनोळखी वाटू नये: बंगळुरू एफसी 2017 मध्ये इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) आला तो निविदा भरून, आणि मैदानावरील विजेतेपदाच्या बळावर बढती मिळवून त्या स्पर्धेत येण्याचा मान पंजाबच्या संघाला 2023 मध्ये मिळेपर्यंत कोणालाही मिळाला नव्हता.

क्लबने लीग बदलली म्हणजे तो वर चढला किंवा खाली घसरला, हा पहिल्या समजातूनच निघालेला दुसरा समज होय. त्याची अपूर्णता गेल्या दोन दशकांच्या घडामोडींवरून स्पष्ट होते. महासंघाने 2007 मध्ये मुलांसाठी डेव्हलपमेंट अकॅडमी ही लीग सुरू केली; मुलींच्या क्षेत्रात 2009 मध्ये चाळीस क्लबांनी एकत्र येऊन ईसीएनएल, म्हणजे इलीट क्लब्ज नॅशनल लीग, उभारली आणि 2017 मध्ये तिचा मुलांचा विभागही निघाला. त्याच 2017 मध्ये महासंघाने अकॅडमीचा मुलींचा विभाग सुरू केला, तेव्हा अनेक नामवंत क्लब ईसीएनएल सोडून तिकडे गेले, आणि त्यांतील काही लवकरच परतले. खेळाचा दर्जा हे त्यामागचे एकमेव कारण नव्हते. अकॅडमीत खेळणाऱ्या मुलीला आपल्या शाळेच्या संघातून खेळण्यास सामान्यतः मनाई होती, तर ईसीएनएलमध्ये ती मुभा होती. आणि अमेरिकन माध्यमिक शाळेत शाळेच्या संघातून खेळण्याला जी सामाजिक प्रतिष्ठा आहे, ती लक्षात घेतली तर अनेक कुटुंबांनी ही अट का स्वीकारली नाही हे उमगते. पुढे एप्रिल 2020 मध्ये कोविडच्या काळात आर्थिक कारण देऊन महासंघाने संपूर्ण अकॅडमीच बंद केली, आणि त्या वर्षीच्या शरद हंगामापर्यंत मुलांसाठी एमएलएस नेक्स्ट व मुलींसाठी गर्ल्स अकॅडमी या नव्या लीग उभ्या राहिल्या. त्या वर्षी शेकडो संघांचे पत्ते बदलले, परंतु त्यांपैकी कोणाचीही लीग हरल्यामुळे बदलली नव्हती. प्रवासाची अंतरे, शेजारच्या क्लबांशी असलेली स्पर्धा, शाळेविषयीचे नियम आणि खेळाडू टिकवण्याची गरज ही कारणे निकालांइतकीच, बहुधा त्यांहून अधिक, प्रभावी असतात, आणि क्लबांनी ती पालकांना मोकळेपणाने सांगायला हवीत.

क्लब अमुक लीगमध्ये आहे म्हणजे मूल त्या लीगमध्ये खेळेल, असेही अनेकदा गृहीत धरले जाते. मोठ्या क्लबात एकाच वयाचे तीन-चार संघ असतात. पहिला ईसीएनएलमध्ये, दुसरा तिच्याच प्रादेशिक लीगमध्ये आणि उरलेले राज्याच्या लीगमध्ये, अशी विभागणी सर्रास आढळते, आणि एकाच क्लबातील मुलगे एमएलएस नेक्स्टमध्ये तर मुली ईसीएनएलमध्ये असणेही नवलाचे नाही. लीगबदलाचा सर्वाधिक फटका पुष्कळदा दुसऱ्या व तिसऱ्या संघांतील मुलांना बसतो, कारण जाहिरातीत पहिल्या संघाचे नाव झळकते आणि बाकीच्यांचे सामने कुठे होणार हे शेवटी ठरते. नाव नोंदवण्यापूर्वी आपल्या मुलाचा संघ नेमका कोणता, त्याचा प्रशिक्षक कोण आणि सामने कोणत्या लीगमध्ये, हे तिन्ही प्रश्न लेखी विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते. कारण बहुतेक क्लब वर्षभराच्या शुल्काची हमी आधीच घेतात आणि हंगामाच्या मध्यात दुसऱ्या क्लबात जायचे झाल्यास पहिल्या क्लबकडून नोंदणी मोकळी करून घ्यावी लागते.

एमएलएस नेक्स्ट या नावामुळे वेगळाच घोटाळा होतो. मेजर लीग सॉकर या व्यावसायिक लीगचे क्लब आपल्या अकादम्या तिथे उतरवतात हे खरे, परंतु बहुसंख्य सभासद क्लबांचा कोणत्याही व्यावसायिक संघाशी संबंध नसतो आणि ते पालकांकडून शुल्क घेतात. 2025-26 च्या हंगामापासून या लीगचे होमग्रोन आणि अकॅडमी असे दोन विभाग झाल्यामुळे घोटाळ्यात भर पडली आहे. व्यावसायिक लीगच्या नियमांत होमग्रोन खेळाडू म्हणजे त्या क्लबच्या स्वतःच्या अकादमीत घडलेला खेळाडू, ज्याला तो क्लब थेट करारबद्ध करू शकतो. त्या नावाच्या विभागात खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला हा दर्जा आपोआप मिळत नाही.

राष्ट्रीय लीगमध्ये खेळले की महाविद्यालयीन शिष्यवृत्ती मिळते, या समजात मात्र सत्याचा अंश आहे. राष्ट्रीय लीग आपल्या अनेक संघांचे सामने दोन-तीन दिवसांत एकाच ठिकाणी भरवतात, त्यामुळे महाविद्यालयांच्या प्रशिक्षकांना थोड्या वेळात पुष्कळ खेळाडू पाहता येतात, आणि हा लाभ खराच आहे. तथापि महाविद्यालयीन खेळांच्या सर्वोच्च श्रेणीच्या, म्हणजे डिव्हिजन वनच्या, नियमांनुसार या प्रशिक्षकांना खेळाडूशी भरतीविषयी बोलणी दहावी इयत्ता संपल्यानंतरच्या 15 जूनपासूनच करता येतात, डिव्हिजन थ्रीची महाविद्यालये खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत, आणि आयव्ही लीगमधील विद्यापीठेही देत नाहीत. दहा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत तर हा हिशोब निरर्थकच आहे, कारण त्या वयात सामने सात विरुद्ध सात असे छोट्या मैदानावर होतात आणि अकरा जणांचा पूर्ण संघ तेराव्या वर्षाखालील गटापासून सुरू होतो. त्या वयात मुलाचा पाय चेंडूला किती वेळा लागतो आणि सामन्यात त्याला किती मिनिटे मिळतात, यावर त्याची वाढ अवलंबून असते. लीगच्या नावावर नव्हे.

वयोगटांच्या नियमातील बदल हा 2026-27 च्या हंगामात नव्या गैरसमजाला जन्म देण्याची शक्यता आहे. याआधी मुलांचे गट जानेवारी ते डिसेंबर या जन्मवर्षानुसार पडत होते. वर उल्लेखिलेल्या तिन्ही संघटना आता 1 ऑगस्ट ते 31 जुलै ही मर्यादा लागू करत आहेत, जी शालेय वर्षाशी जुळते. जुन्या पद्धतीत ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये जन्मलेली मुले साधारणपणे आपल्याहून एक इयत्ता पुढच्या मुलांबरोबर खेळत, आणि सोबती नववीत जाऊन शाळेच्या संघात रमले की आठवीतल्या या मुलांना शरद हंगामात संघच उरत नसे. नव्या पद्धतीत हीच मुले आपल्या गटातील सर्वांत मोठी ठरतील, आणि पुष्कळ संघ नव्याने बांधले जातील. त्यानंतर एखादे मूल पहिल्या संघात आले किंवा दुसऱ्यात गेले, तर त्यामागे कौशल्य किती आणि जन्माचा महिना किती, हे प्रशिक्षकाने व पालकांनी काही महिने तरी वेगळे करून पाहावे लागेल.