पहाटे आखडणारी कंबर

कंबर दुखते म्हटलं की आपल्याकडे निदान घरीच होतं. कुणी म्हणतं मणक्यात गॅप आला, कुणी म्हणतं नस दबली. मग कंबरपट्टा येतो, तेल चोळलं जातं आणि आठ दिवस पडून राहायचा हुकूम सुटतो. अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याच्या दाहक संधिवातात, यातलं पडून राहणं तेवढं नेमकं उलटं पडतं.

हा आजार बहुधा विशी-तिशीत सुरू होतो, पंचेचाळिशीनंतर क्वचितच. ओझं उचलल्याने धरलेली कंबर पडल्यावर सैलावते, ही मात्र झोपल्यावर आखडते. पहाटे तीन-चारला ठणक्याने जाग येते, उठून घरात चार फेऱ्या मारल्या की बरं वाटतं. सकाळचा ताठरपणा अर्धा तास, कधी त्याहून जास्त टिकतो. दुखणं कधी डाव्या कुल्ल्यात, कधी उजव्या. एवढं डॉक्टरांना नीट सांगितलं तरी संधिवाततज्ज्ञाकडे पोचायचा रस्ता बराच आखूड होतो. एक्स-रेत बदल दिसायला वर्षं लागतात, एमआरआयमध्ये सूज आधी दिसते. रक्तातला सूज दाखवणारा सीआरपी नॉर्मल आला म्हणून आजार नाही असंही नाही.

आत घडतं काय? शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते. अस्थिबंध आणि स्नायूंची टोकं हाडाला जिथे चिकटतात तिथे सूज धरते. सुरुवात बहुधा माकडहाडाच्या वर, पाठीचा कणा आणि कमरेचं हाड जुळतं त्या सांध्यात. टाच दुखते तीही याच कारणाने. सूज ओसरताना शरीर डागडुजी करायला जातं आणि अति करतं, नको तिथे नवं हाड घालतं. अनेक वर्षांत शेजारचे मणके त्या हाडाने जोडले जाऊ शकतात. सगळ्यांचं तिथवर जात नाही, आणि आजच्या औषधांच्या काळात तर नाहीच नाही. पण कणा ज्या स्थितीत राहील त्या स्थितीत जखडेल, म्हणून व्यायाम हा इथे औषधाइतकाच उपचार आहे.

दिवसाची सुरुवात अंथरुणातच करावी. गुडघे छातीशी घ्यायचे, दोन्ही बाजूंना झुकवायचे, मग कुशीवर वळून उठायचं. गरम पाण्याची अंघोळ आधी, व्यायाम नंतर. त्या क्रमाने अंग लवकर सुटतं. कण्याला मागे वाकवणारे प्रकार महत्त्वाचे, कारण आजार पुढे वाकवतो. भुजंगासन चालतं. पंधरा-वीस मिनिटं पालथं पडून राहणं तर फुकटचं आणि फारच गुणकारी. बरगड्यांचे सांधेही धरतात, त्यामुळे छाती भरून श्वास घ्यायचा सराव हवाच. पोहता येत असेल तर उत्तम. उशी पातळ घ्यावी. टेबलावर, मशीनवर किंवा स्टिअरिंगमागे बसायचं काम असेल तर अर्ध्या तासाने उठून अंग ताणायचं.

प्रगती मोजायला भिंत पुरते. टाचा, कुल्ले आणि पाठ भिंतीला लावून, हनुवटी वर न उचलता उभं राहायचं. डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकायला हवी. टेकत नसेल तर मधलं अंतर कुणाकडून पट्टीने मोजून वहीत लिहून ठेवावं. तपासणीला जाताना ती वही फाइलइतकीच उपयोगी पडते.

आता गोळ्या. ‘पेनकिलर वाईट, सोसावं’ ही समजूत इथे सोडून द्यावी. या आजारात नेप्रोक्सेन, इटोरिकॉक्सिब यांसारख्या गोळ्या सूजच कमी करतात, म्हणून पहिला उपचार त्यांचाच. मात्र जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांवर नजर ठेवून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. मेथोट्रेक्सेट हातापायांच्या सांध्यांना उपयोगी पडतं, कण्याला नाही. ‘रामबाण’ म्हणून बिननावाची पुडी मिळाली आणि दोन दिवसांत पळायला लागलात, तर तिच्यात स्टिरॉइड असल्याचा संशय घ्यावा.

गोळ्यांनी भागलं नाही तर बायोलॉजिक इंजेक्शनं. त्यातलं अडॅलिम्युमॅब २०१४ मध्ये झायडसने भारतात बनवून आणलं, किंमत उतरली. तरी खर्च अजून जड आहेच. यातली बरीचशी इंजेक्शनं टीएनएफ नावाचा दाहक रेणू अडवतात. पण आपल्यातल्या कित्येकांच्या शरीरात टीबीचे जंतू गप्प पडून असतात आणि त्यांना कोंडून ठेवण्याचं कामही हाच रेणू करतो. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची चाचणी. जंतू सापडले तर आधी प्रतिबंधक औषधं. नंतरही लांबलेला खोकला, संध्याकाळचा ताप, उतरणारं वजन अंगावर काढायचं नाही. इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवावं, फ्रीजरमध्ये नव्हे. टोचण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढलं तर कमी झोंबतं.

डोळ्यांचं वेगळं सांगायला हवं. बऱ्याच रुग्णांना कधी ना कधी एक डोळा लाल होतो, दुखतो, उजेड सोसत नाही. घरचे म्हणतात डोळे आलेत, मेडिकलवाला थेंब देतो. डोळे आले की चिकट पाणी येतं, खाज सुटते. इथे आतून ठणका असतो. त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठावा आणि आपल्याला मणक्याचा संधिवात आहे हे सांगावं. उशीर झाला तर दृष्टीला धोका असतो.

बिडी-सिगारेट सोडावीच, धूम्रपानाने आजार अधिक वेगाने पुढे सरकतो. हाड बसवणाऱ्याकडून मान मोडून घेणं, पाठीवर पाय देऊन चालवून घेणं, हे तर मुळीच नको. जखडलेला कणा ठिसूळ असतो, साध्या घसरण्यानेही मोडू शकतो. पडल्यावर नवं दुखणं सुरू झालं तर ‘नेहमीचंच’ म्हणून सोडू नये. मान आखडली असेल तर कुठल्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला ते कळवावं. घशात नळी घालताना त्यांना वेगळी तयारी करावी लागते.

राहता राहिला लग्नाचा प्रश्न, जो दवाखान्यात बहुधा सगळे बाहेर गेल्यावर आई विचारते. या आजाराशी जोडलेला एचएलए-बी२७ हा जनुक मुलात उतरण्याची शक्यता सहसा निम्मी असते. पण तो असलेल्या बहुतेकांना हा आजार होत नाही. आईवडिलांपैकी कुणाला आजार असेल तर धोका काही पटींनी वाढतो, तरीही बहुतेक मुलांना आजार होत नाही. त्यासाठी धडधाकट पोराची रक्ततपासणी करून घेण्यात काही हशील नाही. पुढे कधी त्याची कंबर पहाटे आखडू लागली, तर कुठे जायचं हे त्या घराला ठाऊक असतं.