सोने नको म्हटल्याने खाण थांबते का?

लग्न ठरले की घरात पहिला विषय निघतो तो सोन्याचा. पोरीच्या अंगावर किती घालायचे, मंगळसूत्र किती तोळ्यांचे, जावयाला अंगठी द्यायची की साखळी, यावर रात्र रात्र बोलणी चालतात. आता त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडू लागली आहे. कॉलेजात जाणारी मुलगी विचारते, "आई, सोन्याच्या खाणींनी नद्या विषारी होतात म्हणे. मग आपण ते घ्यायचेच कशाला?"

प्रश्न पोरकट नाही. अमेरिकेत २००४ साली, फेब्रुवारीत प्रेमिकांचा दिवस असतो त्या सुमारास, दोन संस्थांनी 'घाणेरडे सोने नको' अशी मोहीम काढली. एका अंगठीमागे सुमारे वीस टन दगडमाती आणि गाळ मागे उरतो, असे त्यांनी लोकांना सांगितले. वीस टन म्हणजे आपल्या ट्रॅक्टरच्या चार-पाच ट्रॉल्या. मोहिमेचा मुख्य भर सराफांकडून नियमावलीवर सह्या घेण्यावर होता. पण ऐकणाऱ्या बऱ्याच जणांनी सरळ अर्थ काढला, की सोन्यावर बहिष्कार टाकला म्हणजे खाणी बंद पडतील.

बहिष्काराचे हे गणित तपासण्याआधी एक कबूल केले पाहिजे. मोहीमवाले नुकसानीबद्दल सांगतात ते खरे आहे.

आजच्या मोठ्या खाणींत टनभर दगडातून एक-दोन ग्रॅम सोने मिळाले तरी धंदा परवडतो. दगड दळून पीठ करतात, त्यावर सायनाइडचे पातळ द्रावण सोडतात, त्यात सोने विरघळते आणि मग ते वेगळे काढतात. उरलेला गाळ बांध घालून तळ्यात साठवतात. सगळी भिस्त त्या बांधावर. रुमानियात बाया मारे गावाजवळ ३० जानेवारी २०००ला असा बांध फुटला आणि सुमारे एक लाख घनमीटर विषारी पाणी नदीत गेले. ते तिसा नदीतून हंगेरीत उतरले, पुढे डॅन्यूबला मिळाले. एकट्या हंगेरीत हजार टनांहून जास्त मासा मेला. आणि गंमत अशी, की तो कारखाना जुन्या खाणींचा साचलेला गाळ धुऊन उरलेसुरले सोने काढण्यासाठी, म्हणजे गावाची घाण कमी करण्यासाठी म्हणून उभा केला होता!

दुसरा प्रकार गरिबाच्या खाणीचा. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, इंडोनेशिया इथे एक ते दोन कोटी माणसे फावडे-घमेले घेऊन सोने शोधतात. ते वाळूत पारा मिसळतात. पारा सोन्याला धरतो, मग तो गोळा विस्तवावर ठेवून पारा उडवतात आणि सोने उरते. ती वाफ पहिल्यांदा जाते त्यांच्या आणि चुलीजवळ बसलेल्या पोराबाळांच्या छातीत. जगात माणसाच्या हाताने हवेत जो पारा सुटतो, त्याचा सर्वांत मोठा वाटा याच कामाचा आहे.

तेव्हा दुखणे खरे. औषध बरोबर आहे का, एवढेच पाहायचे आहे.

बहिष्काराच्या मुळाशी पहिली समजूत अशी, की दागिना कमी विकला की खाण कमी खोदली जाते. कांद्याचे गिऱ्हाईक गेले की पुढच्या हंगामात कांदा कमी लागतो, तसे. पण सोने कांद्यासारखे नासत नाही. २०२४ साली भाव चढल्यामुळे जगभर दागिन्यांची खरेदी आदल्या वर्षापेक्षा साधारण एक दशांशाने घटली. त्याच वर्षी खाणींतून निघाले ३,६०० टनांहून जास्त, म्हणजे आदल्या वर्षाइतकेच किंवा थोडे अधिकच. मग घेतले कोणी? देशोदेशीच्या मध्यवर्ती बँकांनी. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी त्यांनी हजार हजार टनांवर सोने विकत घेतले, आणि त्यात आपली रिझर्व्ह बँकही आहे. शिवाय लगडी आणि नाणी घेऊन ठेवणारे पैसेवाले वेगळेच. आपल्या घरातल्या बाईने पाटल्या केल्या नाहीत तर ते सोने तिजोरीत जाऊन बसते. डोंगर काही वाचत नाही.

त्यातही पुष्कळ सोने निघते ते तांब्याच्या खाणीतून, जोडउत्पन्न म्हणून. सरकी निघते म्हणून कोणी कापूस लावत नाही, तसेच हे. उद्या जगात कोणी सोने अंगावर घालायचे नाही असे ठरवले तरी तांबे लागणारच. आपल्या विहिरीवरच्या मोटारीचे वाइंडिंग तांब्याचे, विजेच्या तारांत तांबे, नव्या सौरपंपातही तांबे. दागिन्यावर बहिष्कार टाकणारा माणूस मोटार जळाली की दुसऱ्या दिवशी तांब्याची तार आणायला तालुक्याला जातो. त्यात त्याचा दोष काय? पीक उभे असते.

सोने घेऊ नका असे नुसते सांगून नव्हे, कायद्याने बांधूनही आपल्या देशाने पाहिले आहे. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सोने नियंत्रण आणले. चौदा कॅरटच्या वरचा नवा दागिना घडवायला बंदी झाली. कारण पर्यावरणाचे नव्हते, परकी चलन वाचवण्याचे होते. पण लोकांची सोन्याची हौस कमी होईल ही समजूत तीच. झाले काय? पिढ्यान्‌पिढ्या बागेसरीवर बसणाऱ्या सोनारांचे हात रिकामे झाले, काहींनी जीव दिला. सोने मात्र येतच राहिले. दुबईहून गलबतांतून मुंबईच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावर उतरू लागले आणि त्यावर तस्करांचे वाडे उभे राहिले. १९६८ला त्यासाठी कायदा झाला आणि १९९०ला तो सरकारनेच रद्द केला.

आता दुसरी समजूत. वाईट खाणीचे सोने टाळून चांगल्या खाणीचे घेता येते, असे काही जण म्हणतात. बहिष्कार म्हटला की आपल्याला १९०५ची स्वदेशी आठवते, पुण्यात विलायती कापडाची होळी झाली ती. तिथे एक सोय होती. विलायती कापड डोळ्यांना ओळखू येत होते आणि त्याच्या जागी नेसायला देशी कापड हजर होते. सोन्याला असा काठ नाही की किनार नाही. पेरूच्या जंगलातले, घानातले, ऑस्ट्रेलियातले सोने एका मुशीत वितळले की देवालाही ओळखता येणार नाही. भारतात बाहेरून येणाऱ्या सोन्यात बरीच वर्षे सर्वांत मोठा वाटा स्वित्झर्लंडचा राहिला आहे आणि त्या देशात सोन्याच्या खाणी म्हणाव्यात अशा नाहीतच. जगभरचे सोने तिथे शुद्ध होते आणि स्विस होऊन बाहेर पडते.

आपल्या दागिन्यावर हॉलमार्क असतो आणि २०२३पासून सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांकही सक्तीचा झाला आहे. तो जरूर पाहून घ्यावा, फसवणूक टळते. पण त्यावरून सोने किती कॅरटचे ते कळते. कोणत्या डोंगरातले, कोणाच्या नदीकाठचे, हे त्यात कुठेही नाही. बाजारसमितीत दहा गावांची तूर एका ढिगात पडल्यावर कोणाच्या शेतातली कोणती, हे जसे सांगता येत नाही.

तिसरी समजूत मला सर्वांत घातक वाटते. खाण बंद झाली की त्रास संपला, ही. आपल्या शेजारी कर्नाटकात कोलारची खाण शंभराहून जास्त वर्षे चालली आणि २८ फेब्रुवारी २००१ला बंद झाली. बहिष्काराने नव्हे, सोने खोल गेले आणि काढणे परवडेना म्हणून. हजारो कामगारांच्या वसाहती ओस पडल्या. तीन कोटी टनांहून जास्त गाळाच्या टेकड्या मात्र तिथेच उभ्या राहिल्या. वारा सुटला की त्यांची धूळ अजून घरांत येते. मालक निघून गेल्यावर ती टेकडी कोणाची? हा प्रश्न खाण चालू असतानाच सोडवायचा असतो, तिच्या नफ्यातून पैसा बाजूला काढायला लावून.

याहून कठीण गोष्ट पापुआ न्यू गिनी देशातल्या ओक तेदी खाणीची. तांबे आणि सोने दोन्ही देणारी ही खाण १९८४ साली सुरू झाली. गाळाचे धरण बांधायला घेतले ते दरड कोसळून गेले. मग धरणावाचूनच काम चालू झाले आणि रोज सुमारे ऐंशी हजार टन गाळ थेट नदीत सोडला जाऊ लागला. नदीचे पात्र भरून वर आले. पुराबरोबर गाळ काठच्या बागांत शिरला. केळी गेली, अळूची लागवड गेली, ज्याच्या खोडातून साबुदाणा काढतात ती झाडे उभ्या उभ्या वाळली. खालच्या अंगाला सुमारे पन्नास हजार लोक राहत होते. मळ्यात पुराची वाळू येऊन बसलेली ज्याने पाहिली आहे, त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. लोकांनी ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयात दावा लावला आणि १९९६ला तडजोड झाली. पुढे कंपनीनेच कबूल केले, की ही खाण आपल्या पर्यावरणाच्या तत्त्वांत बसत नाही. आणि २००२ला ती आपला हिस्सा सोडून निघून गेली.

खाण मात्र थांबली नाही. देशाच्या तिजोरीचा मोठा आधार ती होती. आणि नदीकाठच्या कित्येक गावांनी भरपाई, शाळा आणि दवाखाने मिळतील अशा करारांवर सह्या करून खाण पुढे चालू ठेवायला संमती दिली. बाग तर गेलीच होती. खाणही गेली तर हातात काय उरणार, असा त्यांचा हिशेब. दूरच्या शहरात बसून बहिष्कार पुकारणाऱ्याने हा हिशेब कधी विचारात घेतला होता का? पाऱ्याची वाफ पिणाऱ्या गरिबाचेही तेच. त्याला दुसरे काम नाही. वाफ कोंडून पारा परत मिळवणारे झाकणाचे साधे भांडे असते. ते त्याच्या हाती पडले तर त्याचे पोर वाचते आणि पाराही वाचतो. पाऱ्याबद्दल देशांनी २०१३ला मिनामाता करार केला, तो २०१७ला लागू झाला. त्यात या कामातला पाऱ्याचा वापर कमी करण्याची जबाबदारी सरकारांवर टाकली आहे. असे काम कूर्मगतीने चालते, त्याचे फलक निघत नाहीत.

जुना दागिना मोडून नवा करावा, असा सल्लाही दिला जातो. तो आपल्या बायकांना कोणी शिकवायला नको, आपल्याकडे ती रीतच आहे. भाव चढलेला असताना ते शहाणपणाचेही आहे. मात्र त्याने खाण थांबते असे समजू नये, वरचे तिजोरीचे गणित तिथेही लागू पडते. आणि बियाणे-खताच्या दिवसांत कारभारणीची बोरमाळ गहाण पडते तेव्हा पेरणी होते, हे ज्या घरात घडते त्या घराला सोने पाप आहे असे सांगायला जाऊ नये.

मग खाण थांबते तरी कशाने? थांबलेल्या खाणी आहेत. अलास्कात ब्रिस्टल उपसागराच्या माथ्यावर मोठी खाण येणार होती. खाली सामन माशावर जगणारे कोळी आणि आदिवासी आधी उठले. त्यांनी सांगितल्यावर सराफांनी २००८पासून, या एका खाणीचे सोने घेणार नाही, असे लिहून दिले. नाव घेऊन सांगितलेला, तिथल्याच लोकांनी मागितलेला असा बहिष्कार कामाला येतो, हे मान्य केले पाहिजे. तरी शेवटचा शब्द सरकारी पर्यावरण खात्याचा होता आणि तो जानेवारी २०२३ला आला.

दुसरी गोष्ट पुन्हा रुमानियातली. रोशिया मोंटाना या डोंगरी गावात कंपनीला चार डोंगर फोडून उघडी खाण करायची होती आणि शेजारच्या दरीत सायनाइडच्या गाळाचे तळे. गावातल्या पुष्कळांनी घरे विकली. काही शेतकरी विकेनात. बाया मारेचा बांध फुटला त्याच वर्षी, २०००ला, त्यांनी आपली संघटना बांधली आणि सातबारा म्हणावा तशी कागदपत्रे घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. एकेक परवाना रद्द करून घेतला. २०१३ला सरकारने खाणीसाठी खास कायदा आणला, तेव्हा शहरांतली माणसेही हजारोंनी रस्त्यावर आली आणि पुढच्या वर्षी संसदेने तो कायदा फेटाळला. २०२१ला ते गाव जागतिक वारसा ठरले. कंपनी भरपाईसाठी आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेली, अब्जावधी डॉलरचा दावा घेऊन. मार्च २०२४ला लवादाने तो फेटाळला.