भारी प्लगाने गाडी खरंच पळते का?



या पानावर आम्ही एरवी लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा याबद्दल लिहितो. या खेपेला विषय गाडीच्या प्लगाचा आहे. शेतकी खात्याच्या माणसाला ही नसती उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. पण गटातल्या कोणत्याही गावी गेलो तरी पारावर उसाइतकीच चर्चा गाडीच्या ॲव्हरेजची चालते. शिवाय गेल्या हंगामात एक प्रसंग असा घडला की लिहिल्यावाचून राहवेना.

फडावरची रात्र

पाथरी तालुक्यातल्या एका फडावर तोडणीची टोळी उतरली होती. रात्री नऊच्या सुमारास कोपीतल्या एका लेकराला फणफणून ताप भरला. ज्यांचा ऊस तुटत होता त्या सभासदाचे चिरंजीव मोटारसायकल घेऊन धावले. पण गाडी काही केल्या धरेना. किक मारून मारून पोराचा पाय भरून आला. गाडी दोनदा फुरफुरली आणि गप्प झाली. आम्ही जीप घेऊन शेजारच्याच शिवारात होतो, म्हणून लेकरू वेळेवर दवाखान्यात पोचले आणि बरेही झाले. नसतो तर काय, हा विचार आजही मनातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही विचारले, "काय रे, गाडी तर चांगली होती तुझी?"

"साहेब, ओढत नव्हती म्हणून भारी प्लग टाकला. इरिडियमचा. हा टाकला की गाडी उडतीच, असं म्हणले होते दुकानात."

"अन् आता?"

"आता जागची हालंना!"

मिस्त्रीने उघडून पाहिले. प्लग तिरका धरून पान्याने जोर लावून बसवला होता. हेडचे आटे गेले, दाब बाहेर निसटू लागला. आणि मूळ दुखणे? एअर फिल्टर ऊसवाहतुकीच्या रस्त्याच्या धुळीने गच्च भरला होता. आट्यांना बुश मारला, फिल्टर बदलला, पुस्तकात दिलेल्या नंबराचा साधा प्लग लावला आणि गाडी पूर्ववत झाली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ते असे.

ठिणगीचे काम केवढे?

प्लगाचे काम एकच, वेळेवर ठिणगी पाडणे. कॉइलमधून येणारी दहा-वीस हजार व्होल्टची वीज प्लगाच्या टोकाजवळच्या एक मिलिमीटरहून लहान फटीतून उडी मारते आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण पेटते. या कामाची आजची रीत १९०२ साली रुळू लागली. त्या वर्षी जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडून प्लग तयार केला. तत्त्व आजही तेच आहे.

आता हिशेब पाहा. एक ग्रॅम पेट्रोलमध्ये सुमारे ४४ हजार ज्यूल इतकी ऊर्जा असते. ठिणगीची ऊर्जा एका ज्यूलच्या दहाव्या भागाहूनही सहसा कमी. म्हणजे जोर पेट्रोलचा आणि हवेचा, ठिणगी केवळ काडी लावणारी. गुऱ्हाळाचे चुलवाण काडीने पेटवा की मशालीने, वाळले चिपाड पेटले की काहील सारखीच उकळते. चिपाड ओले असेल तर मात्र मशाल उपयोगी पडते. इंजिनातही मिश्रण फार पातळ असेल किंवा इंजिन गार असेल तेव्हा चांगल्या ठिणगीचा उपयोग होतो. एरवी मिश्रण एकदा नीट पेटले की त्याहून अधिक पेटायचे काय राहिले?

इरिडियमची खरी किंमत

इरिडियम वाईट, असे आमचे म्हणणे नाही. साध्या प्लगाचे टोक निकेलच्या मिश्रधातूचे असते. निकेल सुमारे १४५५ अंश सेल्सिअसला वितळते, प्लॅटिनम १७६८ ला, तर इरिडियम २४०० अंशांच्याही वर. म्हणून इरिडियमचे टोक सुईसारखे बारीक करता येते आणि ते लवकर झिजत नाही. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टमध्ये उडते. मोटारगाडीत असे प्लग लाख किलोमीटरपर्यंतही टिकतात. ज्या गाडीचे प्लग काढायला अर्धे इंजिन मोकळे करावे लागते, तिथे हा फायदा मोठा आहे. पण तो आयुष्याचा फायदा झाला, जोराचा नव्हे. पाच-सहा पट पैसे मोजताना आपण काय विकत घेतो आहोत, एवढे कळलेले बरे.

दोन-तीन-चार टोकांचे प्लगही मिळतात. टोके कितीही असोत, ठिणगी एका वेळी एकाच टोकावर उडते. बाकीची पाळीची वाट पाहत असतात. त्याने प्लग जास्त दिवस टिकतो, इतकेच. अमेरिकेत स्प्लिटफायर नावाचा दुभंगल्या टोकाचा प्लग पेट्रोल वाचवतो अशा जाहिरातीवर खपला. १९९७ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, पुराव्याशिवाय असे दावे करू नयेत, असा आदेश काढला. तेव्हा फसणारे आपणच एकटे नाही.

मग फरक का जाणवतो?

खोटे कशाला सांगावे, मोह आम्हालाही झाला होता. आमच्या मोटारसायकलीला महागडा प्लग लावला आणि गाडी हलकी वाटू लागली. चार जणांना सांगितलेही! मग मिस्त्री म्हणाला, "साहेब, आता हा काढून साधाच, पण नवा कोरा लावून बघा." लावला. गाडी तशीच हलकी! फरक जुन्या आणि नव्यातला होता, साध्या आणि भारीतला नव्हता. जुन्या प्लगाची फट झिजून वाढली होती, टोकावर काजळी धरली होती. उसाच्या टॉनिकचेही असेच होते. टॉनिक फवारतो त्याच आठवड्यात पाणी देतो, खुरपतो, आणि श्रेय मात्र बाटलीला देतो.

खात्री करायची तर टाकी काठोकाठ भरा, पाथरी-मानवत-परभणी रस्त्याने नेहमीच्या वेगाने जाऊन या, पुन्हा काठोकाठ भरा आणि लिटर मोजा. जुन्या प्लगाशी तुलना नको. साधा नवा आणि भारी नवा यांचीच करा, तीही तीन-चार वेळा.

जिथे ठिणगीने खरेच काम केले

आपल्या पुण्याच्या बजाजने २००३ साली पल्सरला एका सिलिंडरमध्ये दोन प्लग दिले. चुलवाण दोन्ही बाजूंनी पेटवावे तसे मिश्रण लवकर आणि सारखे जळते. पण तिथे डोके, कॉइल, ठिणगीची वेळ सारेच त्या बेताने आखले होते. नुसता प्लग बदलून हे साधत नाही. सुधारित वाण जमीन, पाणी आणि खत पाहून लावतो, तसेच हे.

ट्रॅक्टरवाल्या सभासदांनी एक लक्षात ठेवावे. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लगच नसतो. तिथे दाबाने तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटते. काही इंजिनांत असतो तो हीटर प्लग, आणि तो गार इंजिन चालू करण्यापुरता.

आपले इथेनॉल आणि ॲव्हरेज

२०२५ साली देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचे उद्दिष्ट गाठले. उसाला त्याचा आधार आहे, म्हणून आम्ही दुसरी बाजू लपवणार नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. जुन्या बेताच्या दुचाकींचे ॲव्हरेज ३-४ टक्के आणि चारचाकींचे ६-७ टक्के कमी होईल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दिला आहे. ही तूट ऊर्जेची आहे. ती कोणताही प्लग भरून काढू शकत नाही. तसे सांगून कोणी प्लग विकत असेल तर त्याला रामराम करावा.

प्लग वाचायला शिका

उसाचे पान पिवळे आणि शिरा हिरव्या दिसल्या की आपण लोहाची कमतरता ओळखतो. प्लगाचे टोकही तसेच बोलते.

१. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी: इंजिन ठीक आहे.
२. कोरडी काळी काजळी: पेट्रोल जास्त, हवा कमी. आधी एअर फिल्टर पाहा.
३. ओले, तेलकट: ऑइल वर येते आहे. रिंग किंवा व्हॉल्व्ह सील दाखवा. ब्रश कटर, फवारणी पंपाच्या टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलचे प्रमाण तपासा.
४. पांढरे, फोड आलेले: प्लग फार तापतो आहे. चुकीचा नंबर किंवा पातळ मिश्रण असू शकते.

प्लग पुस्तकातल्या नंबराचाच घ्या. लांबी जास्त झाली तर तो पिस्टनला भिडू शकतो. इंजिन गार झाल्यावर आधी हाताने आटे धरा, मग पाना लावा. फट गेजने तपासा. इरिडियमच्या टोकाला पॉलिश पेपर लावू नका, ते मोडते.

तो पोरगा परवा गट ऑफिसला भेटला. फिल्टर दर पंधरवड्याला झटकतो म्हणाला. आता हंगाम पुन्हा तोंडावर आला आहे, टोळ्या येतील, कोप्या पडतील. रात्री-अपरात्री कोणाच्या लेकराला तुमची गाडी लागेल, सांगता येत नाही. त्या वेळी प्लग भारी आहे की साधा हे कोणी विचारणार नाही. गाडी पहिल्या किकला चालू व्हावी, एवढेच पाहिले जाईल.