भय एकीकडे, गुन्हा दुसरीकडे

१९७६ सालच्या डिसेंबरात पुणे शहर दिवेलागणीलाच दारांना अडसर घालू लागले होते. ३१ ऑक्टोबरच्या रात्री विजयानगर कॉलनीतील जोशी कुटुंबातील तिघांची हत्या झाली. त्या धक्क्यातून शहर सावरते न सावरते तोच १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरील बंगल्यात संस्कृत व्याकरणाचे वयोवृद्ध पंडित काशीनाथशास्त्री अभ्यंकर, त्यांच्या पत्नी, दोन नातवंडे आणि घरातील मोलकरीण अशा पाच जणांचे गळे आवळण्यात आले. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाणिनी आणि पतंजली यांखेरीज दुसरी चर्चा नव्हती, त्या घरावर असा घाला पडावा याचा उलगडा कोणालाच होईना. उलगडा होत नाही तेथे माणूस स्वस्थ बसत नाही. तो उलगडा तयार करतो. त्या हिवाळ्यात पुण्यात असे उलगडे आळीआळीत तयार होत होते.

अशा वेळी संशयाची बोटे कोणाकडे वळतात हे सांगण्यास फारशी कल्पनाशक्ती लागत नाही. ती दारावर येणाऱ्या फेरीवाल्याकडे वळतात, नव्याने ठेवलेल्या गड्याकडे वळतात, बाहेरगावच्या बोलीत बोलणाऱ्या अनोळखी भाडेकरूकडे वळतात. गुन्हेगार हा परका असला पाहिजे, ही सुस्थित वस्तीची श्रद्धा फार जुनी आहे. परका सापडला की आपली गल्ली, आपले घर आणि आपली मुले निर्दोष ठरतात. अफवेची खरी गोडी या दिलाशात असते.

३० मार्च १९७७ रोजी जे चौघे पकडले गेले, ते मात्र कोणी परके नव्हते. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा हे शहरातीलच एका महाविद्यालयात व्यावसायिक चित्रकलेचे शिक्षण घेत होते. त्यांची दारूची संगत, दुचाकी वाहनांच्या चोऱ्या यांचा बोलबाला महाविद्यालयाच्या आवारात आधीपासून होता. म्हणजे जी गोष्ट सहाध्यायांना ठाऊक होती, तिचा धागा शहराला बांधणाऱ्या भयापर्यंत पोहोचविण्याची बुद्धी कोणालाच झाली नाही. वाया गेलेला मुलगा ही वर्गातील नित्याची बाब. तिची ना बातमी होते, ना अफवा. हजेरीपटावरील अनुपस्थितीच्या खुणांकडे पाहून कोणाच्या अंगावर काटा येत नाही.

याहूनही विलक्षण गोष्ट पुढेच आहे. या टोळीचा पहिला बळी जोशी कुटुंब नव्हते. १६ जानेवारी १९७६ रोजी, म्हणजे शहर घाबरण्यापूर्वी तब्बल नऊ महिने, त्यांनी ओळखीच्याच एका तरुणाचा जीव घेतला होता आणि प्रेत पिंपात घालून सारसबागेजवळच्या तळ्यात सोडले होते. बेपत्ता तरुण म्हणून त्याचा शोध चालला होता. आयाबाया मुलांना घेऊन त्या तळ्याकाठी फिरत होत्या आणि तळ्याबद्दल एक शब्दही कोणी बोलत नव्हते. ज्या काळात पुण्यातील प्रत्येक सावलीविषयी काही ना काही बोलले जात होते, त्या काळात घडून गेलेला एक खरा खून पाण्याखाली निमूट पडून होता. अफवेचे सारे व्यापारशास्त्र या एका वस्तुस्थितीत सामावलेले आहे. ती भयाच्या मागणीप्रमाणे माल पुरविते. वस्तुस्थितीशी तिचा व्यवहार नसतो.

त्यातच काळ आणीबाणीचा होता. २५ जून १९७५ च्या रात्री ती जाहीर झाली आणि पाठोपाठ वृत्तपत्रांवर प्रसिद्धीपूर्व तपासणीचे बंधन आले. काही पत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडून निषेध नोंदविला. पुष्कळांनी ती जागा निरुपद्रवी मजकुराने भरली. खुनांच्या बातम्या पत्रांनी छापल्याच. तथापि ज्या पत्रात आपल्या ओळखीचा शिक्षक वा कार्यकर्ता स्थानबद्ध झाल्याची ओळ येत नाही, त्या पत्रातील तपासाची बातमी तरी पूर्ण आहे असे वाचकाने का मानावे? बातमीची पत ही पतपेढीच्या पतीसारखीच अखंड असते. एका खात्यात ती बुडाली की दुसऱ्या खात्यातील ठेवीदारही पैसे काढण्यासाठी रांग लावतात. शिधावाटपाच्या दुकानात धान्य मिळाले नाही म्हणून गिऱ्हाईक उपाशी झोपत नाही, ते काळ्या बाजाराची वाट धरते. त्या दीड-पावणेदोन वर्षांत कोण तुरुंगात आहे, कोण सुटला, कोणाची बदली झाली, दिल्लीत काय शिजते आहे, याची सारी माहिती सामान्य माणूस कुजबुजीतूनच मिळवीत होता. राजकीय कुजबुजीची सवय झालेल्या कानांना खुनाची कुजबूज निराळी वाटण्याचे कारण नव्हते.

आणीबाणीत निदान शिस्त होती, गाड्या वेळेवर येत होत्या, गुंडपुंड वचकून होते, असे सांगणारी वडीलधारी मंडळी आजही भेटतात. सुव्यवस्थेची त्यांची ओढ खोटी नाही. किंबहुना सुव्यवस्थेवाचून स्वातंत्र्य ही गोष्ट फार काळ टिकत नाही, हे त्यांचे म्हणणे मान्यच करावे लागेल. पण या टोळीने घेतलेल्या दहा बळींपैकी नऊ बळी आणीबाणी जारी असतानाच गेले, याचा हिशेब त्या युक्तिवादात कोठे तरी मांडला गेला पाहिजे. गुन्ह्याचा म्हणून जो आकडा सरकार देते, तो वस्तुतः नोंदीचा आकडा असतो. ठाण्यावर जाण्यास माणूस कचरू लागला की नोंद घटते आणि नोंद घटली की शांतता वाढल्याचे पत्रक निघते. वचक आणि सुव्यवस्था या दोन निराळ्या वस्तू आहेत.

आणीबाणी २१ मार्च १९७७ रोजी उठली. शेवटचा खून २३ मार्चला झाला आणि त्या तरुणाचे प्रेत दुसऱ्या दिवशी बंडगार्डनजवळ नदीत वर आले. आठवड्याभरात चौघे गजाआड झाले. या तारखांतून राजकीय निष्कर्ष काढण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण दिल्लीतील सरकार बदलले असले तरी पुण्यातील तपास करणारे पोलीस तेच होते. नायलॉनच्या दोरीच्या गाठींतील साम्य, मृताच्या परिचितांची पुनःपुन्हा चौकशी, जबान्यांतील विसंगती अशा रुक्ष मार्गानेच तपास तडीस गेला. त्यांचाच एक वर्गबंधू माफीचा साक्षीदार झाला. सत्र न्यायालयाने २८ सप्टेंबर १९७८ रोजी फाशीची शिक्षा सुनावली. उच्च न्यायालयाने ती एप्रिल १९७९ मध्ये कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९८० मध्ये आरोपींचा अर्ज फेटाळला आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यास शिक्षेची अंमलबजावणी झाली. अटकेपासून फासापर्यंत साडेसहा वर्षांहून अधिक काळ गेला. आज एखाद्या निर्घृण गुन्ह्याच्या दुसऱ्याच दिवशी आरोपीला चौकात लटकविण्याची मागणी होते आणि पोलिसांच्या गोळीने तो पडला तर पेढे वाटले जातात. त्यांनी ही साडेसहा वर्षे ध्यानात घ्यावीत. ज्या शहराने पाच महिने भलत्याच माणसांवर संशय घेतला होता, त्या शहराच्या हाती त्या हिवाळ्यात दोर असता तर तो कोणाच्या गळ्यात पडला असता?

सोळा वर्षांनी हाच खेळ मुंबईत कितीतरी मोठ्या पटावर झाला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत सुमारे नऊशे माणसे मारली गेली. या वेळी वृत्तपत्रांवर कोणतेही बंधन नव्हते. तरीही अफवेला उधाण आले. म्हणजे बंधन उठले की अफवा आपोआप विरते, हा स्वातंत्र्यवाद्यांचा भाबडा समजही खरा नव्हे. उलट काही दैनिकांनी अफवेलाच अक्षरांचे अंगडे चढविले. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने अशा चिथावणीखोर लिखाणावर ठपका ठेवला आहे. जानेवारीत अशी आवई उठली की समुद्रातून सशस्त्र लोक येत आहेत. मध्यमवर्गीय वस्त्यांतील कारकून, शिक्षक, विद्यार्थी काठ्या घेऊन रात्र रात्र चौपाटीवर पहारा करू लागले. त्यांचे भय अस्सल होते. फक्त ते जेथे उभे होते तेथे काही येत नव्हते.

येत होते ते शंभरावर मैल दूर. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडी येथे त्याच जानेवारी-फेब्रुवारीत शस्त्रे आणि आरडीएक्स उतरविले गेले. तेथे पहारा ठेवणे हे ज्यांचे पगारी काम होते, त्यांतील काहींनी पैसे घेऊन पाठ फिरविली होती. सीमाशुल्क खात्यातील आणि पोलीस दलातील अशा माणसांना विशेष न्यायालयाने पुढे, २००६ आणि २००७ मध्ये, दोषी ठरविले. १२ मार्च १९९३ रोजी बारा ठिकाणी स्फोट होऊन २५७ जणांचा बळी गेला. चौपाटीवरील हजार काठ्यांनी जे साधले नसते ते किनाऱ्यावरच्या एका नाक्यावरील चार प्रामाणिक शिपायांनी साधले असते. नाक्यावरील शिपाई लाच खातो ही गोष्ट कोकणात कोणालाच नवी नव्हती. वाया गेलेल्या विद्यार्थ्याप्रमाणे तीही नित्याचीच बाब होती.

स्फोटांच्या त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. तिचा निवाडा करणे सोपे नाही. मुख्यमंत्रिपदाची सूत्रे पुन्हा हाती घेऊन शरद पवार यांना आठवडाही झाला नव्हता. त्यांनी दूरदर्शनवरून स्फोटांची ठिकाणे सांगताना मशीद बंदरचेही नाव घेतले. तेथे स्फोट झालाच नव्हता. एकाच समाजाच्या वस्त्यांवर हल्ला झाला असा समज पसरून दंगल पुन्हा भडकू नये म्हणून आपण हे जाणूनबुजून केले, असे त्यांनी स्वतःच नंतर जाहीरपणे सांगितले आहे. दंगल भडकली नाही. मुत्सद्देगिरी म्हणून त्या निर्णयाचे कौतुक होते आणि त्या घटकेपुरते ते अस्थानी म्हणता येणार नाही. परंतु ही उचल होती. दूरदर्शनवरील शासनाचा शब्द घरोघरी खरा मानला जात असे म्हणूनच असत्य खपले. आणि ते असत्य होते हे उघड झाल्यावर त्या शब्दाच्या भांडवलातून तेवढी रक्कम कायमची वजा झाली. आज एखाद्या स्फोटानंतर मुख्यमंत्र्याने ठिकाणांची यादी वाचून दाखविली तर ‘यातले खरे किती?’ हा प्रश्न विचारणारा नागरिक केवळ कुत्सित आहे असे म्हणून चालणार नाही.

पुढे अफवेला अंगडे चढविण्यासाठी छापखान्याचीही गरज उरली नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात मुले पळविणाऱ्या टोळ्यांचे संदेश भ्रमणध्वनीवरून गावोगाव फिरले. १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून जमावाने ठार मारले. कोणतेही मूल पळविले गेले नव्हते. पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने एक संदेश एका वेळी किती जणांना पुढे पाठविता येईल यावर भारतात पाचाची मर्यादा घातली. यंत्राने घातलेला हा अडथळा निरुपयोगी नाही. पण जे पूर्वी संपादकाच्या टेबलावर होत असे, म्हणजे ठाण्यावर माणूस पाठवून खातरजमा होईपर्यंत मजकूर एक दिवस अडवून धरणे, ते यंत्राला येत नाही. तो एक दिवस हा वृत्तपत्राच्या व्यवसायातील सर्वांत महागडा माल होता आणि स्पर्धेत सर्वांत आधी तोच विकला गेला. घटनास्थळी पोहोचण्यापूर्वीच दूरचित्रवाणीवर गुन्ह्याचा उलगडा सुरू होतो. परका कोण हे तेथे पहिल्या पाच मिनिटांतच ठरलेले असते.

राईनपाड्याचा वणवा त्याच दिवशी रात्री मालेगावातही पोहोचला होता. याच संशयावरून हजाराच्या घरातील जमावाने पाच जणांना घेरले. शहर नाजूक, वेळ रात्रीची, पोलीस मूठभर. त्यांनी जमावाला थोपवून धरले, आपले वाहन फोडू दिले आणि पाचही जणांना जिवंत बाहेर काढले. मुले पळविणारे म्हणून ज्यांच्यावर तो जमाव धावून गेला होता, त्या पाच जणांत दोन वर्षांचे एक मूल होते.