तीस गिऱ्हाइकांचं गणित

कुरुंदा म्हणजे वसमत तालुका, आणि वसमत म्हणजे हळद. समजा तिथल्या एखाद्या तरुणाच्या मनात येतं: हळद लावायची आपण, आठ-नऊ महिने सांभाळायची आपण, काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची आपण. आणि शेवटी पोत्यात भरून मोंढ्यावर नेऊन मोकळं व्हायचं? दळून, पुड्या बांधून आपणच का विकू नये? दळायचं यंत्र, शेड, वीज, छापील पाकिटं धरून हिशेब लाखांत जातो. पण पुडी घेणार कोण?

आता गंमत बघा. यंत्र घेण्याआधीच या प्रश्नाचं बरंचसं उत्तर 30 माणसं देऊ शकतात. फक्त 30! आणि शहर लाखाचं असो की कोटीचं, हा आकडा जवळपास बदलत नाही.

कसा बदलत नाही? धरून चाला की दर दहांतला एक जण तुमची पुडी घेईल. मग पहिला भेटलेला माणूस ‘नको’ म्हणण्याची शक्यता 100 मध्ये 90. पहिल्या दोघांनीही नको म्हणण्याची 81, तिघांनी म्हणण्याची 73. अशी उतरत उतरत तिसाव्या माणसापाशी ती जेमतेम 4 वर येते. म्हणजे ओळीनं 30 जणांनी पाठ फिरवली, तर ‘दहांतला एक तरी घेईल’ ही आशा सोडलेली बरी. या गुणाकारात शहराची लोकसंख्या कुठं आली का? आलीच नाही! शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. पातेलं चौघांचं असो की लग्नाच्या पंगतीचं, दाबून बघायला शितं तेवढीच लागतात.

मात्र शितं पातेल्याच्या सगळ्या भागांतून उचलायला हवीत. मेहुणा, वर्गमित्र, शेजारच्या काकू ही सगळी वरचीच शितं. आणि इथं तर पातेलंच चुकायची भीती जास्त. कुरुंद्यात दारोदार फिरलात तर ‘लई भारी कल्पना’ असंच ऐकायला मिळेल. पण ज्यांच्या घरी स्वतःच्या शेतातली हळद वर्षभराची भरून ठेवलेली असते, ते पुडी कशाला विकत घेतील? गिऱ्हाईक असलंच तर नांदेडच्या नाहीतर पुण्याच्या फ्लॅटमध्ये. ते 30 जण तिथं शोधावे लागतात.

शिवाय विचारायचं नाही, विकायचं. ‘घ्याल का?’ या प्रश्नाला हो म्हणायला काही लागत नाही. खिशातून शंभराची नोट काढायला लागतं. म्हणून ओळखीच्या गिरणीतून पाच-दहा किलो दळून आणा, खाद्यपदार्थाची सरकारी नोंदणी तेवढी करून घ्या (ती किरकोळ पैशांत होते, टाळू नका), आणि विकायला बसा. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी आगाऊ पैसे घेऊन मगच कढई चढवणाऱ्या बायका हेच करतात, आणि त्यांना कुणी बाजारपेठेचं शास्त्र शिकवलेलं नसतं.

लिज्जत पापडाची सुरुवात माहीत आहे? 15 मार्च 1959, गिरगावातली गच्ची, सात बायका, उसने घेतलेले 80 रुपये आणि पापडांची चार पाकिटं. चार! ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली. सुरुवातीला त्यांनी दोन प्रतींचे पापड करून पाहिले, त्यातला एक स्वस्तातला. पुढं, ते 80 रुपये उसने देणाऱ्या छगनलाल पारेख यांच्या सल्ल्यानं एकच चांगली प्रत ठेवली. मग पावसाळा आला, पापड वाळेनात, आणि चार महिने काम बंद. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी आणली: खाटेवर पापड, खाली शेगडी. लाखाची इमारत आधी बांधली असती आणि पावसानं गाठलं असतं, तर? ही अडचण कळायला त्यांना भांडवल किती लागलं, याचा विचार करा.

उलटं उदाहरणही आपल्याकडचंच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 मध्ये बेळगावात लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन विषारी होते, असं म्हणून शेतकरी हात लावेनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. 30 शेतकऱ्यांची परीक्षा तेव्हा घेतली असती तर निकाल काय लागला असता? सपशेल नापास! आणि तरी त्याच नांगरावर पुढं केवढा कारखाना उभा राहिला. मला विचाराल तर या परीक्षेची मर्यादा इथंच दिसते. आज काय खपेल ते ती सांगते, माणसांची समजूत उद्या कशी बदलेल ते नाही. त्या बदलाची वाट बघायची तर दोन वर्षं घर चालवणारं दुसरं काहीतरी हाताशी हवं.

हळदीला तशी कुणाची समजूत घालावी लागणार नाही. तिची अडचण वेगळी. पहिली पुडी भिडेखातरही घेतली जाते. त्यामुळे वहीत घेणाऱ्याचं नाव आणि तारीख मांडायची आणि पुडी संपेपर्यंत थांबायचं. हळद चमचा-चमचा जाते, तेव्हा हे थांबणं आठवड्याचं नसतं, महिन्यांचं असतं. मार्चमध्ये विकलेल्या पुडीसाठी पुन्हा फोन आला, तर तो पावसाच्या तोंडावर येईल. तोवर यंत्रवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नये.