स्वगत : हे नक्की कोणाला ऐकू येतंय?

नाटकात पात्रं एकमेकांशी बोलतात, तो संवाद. इतरांना ऐकू जात नाही असं मानून दोघं आपसात बोलतात, ते जनांतिक. आणि मनातलं मोठ्यानं, तरी फक्त प्रेक्षकांना कळेल असं बोलणं म्हणजे स्वगत.

विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' घ्या. लुटुपुटूच्या खटल्यात बेणारेबाईंना बाजू मांडायला १० सेकंद मिळतात. सगळे जागच्या जागी थिजतात आणि बाई आयुष्यभराचं साचलेलं बोलून टाकतात. वेळ संपते. कोर्टाच्या लेखी मात्र आरोपी गप्पच!

हाच संवाद असता, तर कोणीतरी मध्येच तोडलं असतं. स्वगत आहे म्हणून बाई पूर्ण बोलू शकतात. पण मग त्यांचे साक्षीदार उरतो फक्त आपण.