मक्तेदारी : निसर्गाची की माणसाची?

मंडळी, मंडळाचा कॉम्प्युटर विंडोजचाच का? उत्तर ठरलेलं : "सगळ्यांकडे तोच आहे!" गावात नळाच्या दोन पाइपलाइनी टाकणं परवडत नाही, ती मक्तेदारी नैसर्गिक. इथे मात्र वापरणारे वाढले की प्रोग्रॅम वाढतात, प्रोग्रॅम वाढले की वापरणारे. आम्ही रसायनवाले याला स्वयंउत्प्रेरण म्हणतो. इथवर दोष कुणाचाच नाही. १९९८ साली अमेरिकन सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला, तो मोठेपणाबद्दल नव्हे, नेटस्केपसारख्यांची वाट अडवल्याबद्दल. २००१ साली अपील कोर्टाने कंपनीचे तुकडे करण्याचा हुकूम रद्द केला. मक्तेदारी टिकवण्याचे काही मार्ग मात्र बेकायदाच ठरवले. आपल्यापुरतं एवढं करूया : सभासदांची यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्येही ठेवूया. उद्या कॉम्प्युटर बदलला, तरी माणसं हरवायला नकोत.